कवठाळीची वाट

सत्यम, ते पिवळं जीपीएस यंत्र जरा बंद कर बाबा. बॅटरी वाचव, उद्या लागंल. तनुजा, तू शेकोटीच्या अलीकडं सरक, तिकडं वारं हाय.

मघापासून मला विचारून राहिलात ना, की माणिकप्पा, तुम्ही तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आम्हाला डोंगर-नाले दाखवत फिरता, मग नकाशा अजून कागदाचाच का? सांगतो. भुताखेतावर माझा विश्वास हाय का न्हाई, ते विचारू नका. ज्याच्यासोबत झालं तो माझा भाडेकरू होता. त्याच्याच तोंडून ऐकलंय.

शेषेराव त्याचं नाव. लातुरात एका क्लासमध्ये गणित शिकवायचा. ट्यूशनचा बाजार तेव्हा भरात आलेला. एकेका हॉलात दोन-दोनशे पोरं, पहाटे पाचपासून. माझ्या वरच्या दोन खोल्यांत हा एकटाच राहायचा. गाव कवठाळी, किल्लारीच्या पलीकडं, तेरणेच्या काठाला. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या रात्री हा कॉलेजसाठी लातुरात होता, म्हणून वाचला. घरात आई, बाप, धाकटी बहीण सिंधू. सकाळी गावात पोचला, तर गल्ली कुठली अन् घर कुठलं, काही कळंना. नुसता दगडामातीचा ढीग.

पुढं गाव उठवून वर माळावर नेलं, तीन किलोमीटरवर. जुन्या गावात येड्या बाभळी माजल्या.

शेषेरावला चालायचा नाद. रविवारी क्लासची पोरं घेऊन रानात निघायचा. पुस्तकात तोंड खुपसून पिवळी पडलेली पोरं, चार तास ऊन लागलं की माणसात यायची. त्यासाठीच त्यानं हातात मावणारं जीपीएस घेतलं होतं. एकदा मला दाखवलं. म्हणाला, "अप्पा, हे बघा. हायवे हाय, नदी हाय, साखर कारखाना हाय. माझं गाव कुठंच न्हाई. कोरं पांढरं."

मी म्हणालो, "गाव उठलं ना बाबा."

"उठलं. पण होतं तर खरं."

मग त्यानं स्वतःच नकाशा करायला घेतला. लातुरातच गंजगोलाईजवळ अबुजर म्हणून त्याचा दोस्त, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं त्याचं. दोघांनी कुठून तरी जुना सर्व्हेचा कागद मिळवला, स्कॅन केला, कॉम्प्युटरवर अक्षांश-रेखांशाला टाचला. एक कोपरा जुळला की दुसरा सरकायचा. दर रविवारी दुपारी शेषेराव जुन्या गावात जायचा, यंत्र हातात धरून एकेका जोत्याभोवती फिरायचा, खुणा घेऊन यायचा. रात्री अबुजरच्या दुकानात बसून त्यावरून रेघा ओढायच्या. घर, घर, पार, विहीर, घर. आठ रविवार गेले.

जे आठवंना, ते तो नव्या गावात कोंडाबाईला विचारायचा. ऐंशीच्या घरातली म्हातारी. ढिगाऱ्याखालून दुसऱ्या दिवशी जिती निघालेली. ती डोळे मिटून सांगायची, पारापासून सातवं दार अमक्याचं, त्याच्या पुढं बोळ. एक दिवस तिनं विचारलं, "ह्याचं तू करणार काय?"

शेषेराव म्हणाला, "यंत्रात भरणार मावशी. मग ते वाट दाखवतंय. कुठं वळायचं, किती राहिलं, सगळं सांगतंय. तुमच्या दारातून निघून थेट जुन्या पारापर्यंत."

म्हातारीनं डोळे उघडले. मग म्हणाली, "घरं काढ बाबा. वाट नको काढू."

"का?"

"वाट काय एकाच बाजूनं चालायची असती का?"

हा हसला. गणिताचा माणूस. त्यानं नव्या गावापासून जुन्या गावापर्यंत वाट काढली, आतले सगळे बोळही काढले, नकाशा कार्डात भरला आणि यंत्रात बसवला.

दोन हजार अकरा साल. सव्वीस नोव्हेंबर, शनिवार. आदल्या दिवशीच कार्तिकी अमावास्या झालेली. रविवारी सकाळी क्लासची वीस पोरं बसनं कवठाळीला यायची होती, म्हणून नकाशा एकदा जागेवर तपासून यावा, एवढंच काम. दुपारीच जायचं, पण पोरांच्या शंका संपंनात. नव्या गावात पोचायला साडेआठ झाले. मोटारसायकल कोंडाबाईच्या दारात लावली. ती म्हणाली, "सकाळी जा." हा म्हणाला, "तासात येतो."

बॅटरी घेतली, यंत्र घेतलं, निघाला.

वाट बरोबर निघाली. तुम्हाला ठाऊकच हाय, वळण जवळ आलं की यंत्र पिंप करतंय. तसं पिंप झालं की वळण यायचं. नाला, चढ, मग गावाची पांढरी, जुन्या वस्तीची जागा. शेषेरावला लई आनंद झाला. पडद्यावर आपण म्हणजे एक छोटा बाण. तो बाण बोळातनं चालायचा, अन् हा बाभळीतनं. उजवीकडं महादू सुताराचं घर. डावीकडं विहीर. अठरा वर्षांनी तो आपल्या गल्लीतून नीट चालत होता. मला म्हणाला, "अप्पा, डोळ्यांत पाणी आलं."

नऊ चाळीसला पारापाशी पोचला. यंत्र म्हणालं, पोचलात. हा पाराच्या दगडावर टेकला.

बसल्या बसल्या पडद्याकडं लक्ष गेलं.

बाण चालत होता.

हा बसलेला. यंत्र मांडीवर. अन् बाण पारापासून निघून वरच्या गल्लीला लागलेला. शेषेराव आधी घाबरला नाही. कधी कधी उपग्रहाचं नीट पकडत नाही, बाण इकडं तिकडं सरकतो. पण तसा सरकतो तेव्हा भिंतीतनं जातो, छपरावरनं जातो. हा बाण बोळातनंच चालला होता. कोपऱ्यावर वळत होता.

एका दारापाशी थांबला. मिनिटभर.

पुढच्या दारापाशी थांबला.

मग पुढच्या.

जसं कुणी तरी दारोदार जाऊन उठवतंय.

शेषेरावनं बॅटरी त्या दिशेला मारली. बाभळी. दगड. काही नाही. रातकिडेसुद्धा गप्प होते, हे तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं.

त्यानं पडद्याकडं पाहिलं. बाण शेवटच्या घरापर्यंत गेला होता. ते घर ह्याचं. तिथं लई वेळ थांबला.

मग परत फिरला.

आता कुठं थांबंना. सरळ पाराकडं. पंचवीस मीटर. अठरा. यंत्र पिंप झालं. नऊ मीटर. हा उठून उभा राहिला. चार...

शून्य.

काहीच झालं नाही. वारं नाही. आवाज नाही. फक्त... पाठीमागं, अगदी जवळ, कुणी तरी उभं असल्यावर जसं कळतं ना... तसं.

आणि मग आवाज आला. हळू. रोजच्यासारखा. गावात नवखा माणूस दिसल्यावर कुणी बी विचारतंय तसा.

"कोणाकडं जायचंय?"

अन् पोरांनो, ह्यानं उत्तर दिलं. विचार करायच्या आधी, सवयीनं तोंडातनं निघून गेलं, "भानुदासरावाच्या घरी." भानुदासराव म्हणजे ह्याचा बाप.



मग, "चल."

यंत्र हातातनं पडलं. हा पळत सुटला. काट्यांनी अंग फाटलं, एक चप्पल नाल्यात गेली. नव्या गावात आला तेव्हा कोंडाबाई दारातच बसलेली होती. तिनं काही विचारलं नाही. आत घेतलं, दार लावलं, कडी घातली. हळूच म्हणाली, "मागं वळून बघितलंस का?"

"न्हाई."

"मग बोललास का?"

ह्यानं मान खाली घातली.

म्हातारीनं दिवा मोठा केला. रातभर दोघं बसून राहिले. मध्यरात्रीनंतर गावातली कुत्री भुंकायला लागली. एका टोकाची आधी, मग त्याच्या अलीकडची, मग त्याच्या अलीकडची. ह्यांच्या दारापाशी आलं तेव्हा... कोंडाबाईनं पदर तोंडात धरला. मग आवाज पुढं गेला.

उजाडताच शेषेरावनं अबुजरला फोन लावला. क्लासची बस परस्पर खरोशाच्या लेण्यांकडं वळवली. अबुजर लॅपटॉप घेऊन आला. ऊन चढल्यावर दोघं जुन्या गावात गेले. यंत्र पाराखाली पडलं होतं तिथंच होतं. सेल संपलेले. वर दव साचलेलं. कुणी हात लावल्याची खूण नाही.

नव्या गावातल्या शाळेच्या ओसरीत बसून अबुजरनं ते केबलनं लॅपटॉपला जोडलं. यंत्र जिथं जिथं फिरतं तिथली रेघ आत साठते, वेळेसकट. नव्या गावातनं पारापर्यंतची रेघ शेषेरावची. मग बोळातली. दारोदारची. अबुजर म्हणाला, "इथं यंत्र पडलं ना तुझ्या हातातनं?"

"हाव."

"रेघ तर पुढं हाय, शेषू."

रेघ पारापासून निघाली होती. नाल्यातनं, चढानं, ह्यानंच काढलेल्या वाटेनं, नव्या गावापर्यंत. पहिल्या दारापाशी थांबलेली. दुसऱ्या. तिसऱ्या. कोंडाबाईच्या दारापाशी बारा मिनिटं. मग गावाच्या शेवटच्या टोकाला एका प्लॉटवर जाऊन संपली. शेवटचा ठिपका तीन छप्पन पहाटेचा. आपल्या भागात भूकंपाची ती वेळ कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

रेघ माघारी फिरली नव्हती.

अबुजरनं विचारलं, "हा प्लॉट कुणाचा?"

शेषेराव उठून त्या टोकाकडं चालायला लागला. तो प्लॉट त्याचाच. पुनर्वसनात घरामागं घर मिळालं, तसं ह्यालाही मिळालं होतं. ज्या दिवशी किल्ली हातात दिली त्याच दिवशी ह्यानं कुलूप लावलं. एक रात्रही तिथं निजला नव्हता. कुणासाठी निजायचं?

कुलूप गंजून दगड झालेलं. अबुजरनं घाव घालून तोडलं. दार ढकललं. शेषेराव उंबऱ्याबाहेर थांबला, मग एकदम पायातली उरलेली चप्पल काढून आत पाऊल टाकायला गेला. अबुजरनं त्याला मागनं मिठी मारून ओढला. "नको. शेषू, तुला खुदाची कसम, नको."

त्याच दुपारी अबुजरनं कार्डातला नकाशा पुसला. शेषेराव अजून शिकवतो. माझ्याकडंच राहतो. निजतो मात्र दिवा लावून, अन् रात्री कुणी दार वाजवून काही विचारलं तर उत्तर देत नाही. म्हणून तुम्हीही वर जाताना आधी आपलं नाव सांगत जा.

माझा विश्वास बसला नव्हता. म्हणून मंगळवारी मी स्वतः गेलो. एकटा. दुपारी बाराला.

खिडक्या आतनं बंद. कोपऱ्यात कोळ्याची जाळी, भिंतीवर वर्षानुवर्षांची धूळ. आणि खाली ती सिमेंटची जमीन शेणानं सारवलेली. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. बोटांचे अर्धगोल एकासारखे एक, कुठं चूक नाही.

मी वाकून हात लावला.

तिसरा दिवस होता. सारवण ओलं होतं.

फक्त मधोमध, एका माणसाला निजायपुरती जागा... कोरडी ठेवलेली होती.