मौनासुराचा डावा कान

काचेपलीकडच्या साउंडप्रूफ खोलीत पेशंटने कानांवर हेडफोन चढवले, पण मांडीवरचं कॉमिक काही बाजूला ठेवलं नाही. चार वर्षं मी लोकांचे कान तपासतेय. कॉमिक घेऊन आत बसलेला हा पहिलाच.

"बीप ऐकू आला की बटण दाबायचं," मी माईकमध्ये म्हटलं. मग राहवेना. "चोविसावा अंक ना? पुलावरची लढाई?"

त्याने झटकन वर पाहिलं. भुवईत लाकडाचा बारीक भुसा अडकला होता.

"तुम्ही मौनासुर वाचता?"

"मामाने लावलेली सवय. सगळे अंक आहेत माझ्याकडे."

तो सुतार होता. ताईने अक्षरशः ओढून आणलं होतं त्याला. ती बाहेर बाकावर बसली होती. करवतीच्या मशीनशेजारी दहा वर्षं काढून डावा कान पार थकला होता. कानाला ऐकण्याचं मशीन लावावं लागणार, मी सांगितलं. त्याने मान हलवली आणि विषयच बदलला.

"पुलावर तो का हरला, सांगा बरं?"

मौनासुर म्हणजे आवाज गिळणारा खलनायक. गर्दी, घंटा, वादळ… सगळं गिळायचा, आणि एका हुंकारासरशी शहर हादरवायचा. त्याला कोणी हरवू शकलं नव्हतं. आणि पुलावर मात्र एका साध्या शिटीने आडवा!

"पोट भरलं होतं," मी म्हटलं. "आदल्याच पानावर आख्खा धबधबा गिळलाय त्याने."

"छे! तो फक्त ऐकू आलेलं गिळतो. शिटी डावीकडून आली. त्याला डाव्या कानाने ऐकूच येत नाही. बघा ना, प्रत्येक लढाईत मान कशी वळवतो!"

"काहीतरीच! तुम्ही स्वतःचा कान त्याला चिकटवताय."

बोलून गेले, आणि जीभ चावली. तो हसला… पण उगाचच. कॉमिकची सुरळी करून निघून गेला.

बुधवारी तो मशीन बसवायला आला नाही. पुढच्या बुधवारीही नाही. तेव्हा मी घरी सगळे अंक जमिनीवर पसरून बसले. आईने दोनदा जेवायला हाक मारली. खरं सांगायचं तर त्याला खोटं पाडायचं होतं मला. पण एकतिसाव्या अंकात बोट थबकलं. मौनासुर एका घरातला सगळा आवाज गिळतो – घड्याळ, नळ, कुत्र्याचं भुंकणं. आणि डावीकडे हुंदके देणाऱ्या छोट्या मुलीजवळून तसाच पुढे जातो.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत अंक घेऊन मी थेट त्याच्या वर्कशॉपमध्ये गेले. ताज्या लाकडाचा वास, आणि रंधा मारणारा तो. मला बघून रंधा जागीच थांबला.

"तुमचं बरोबर होतं," मी पान उघडून समोर धरलं. "आणि त्या दिवशी मी बोलले ते… चुकलंच माझं."

त्याने एप्रनला हात पुसले आणि त्या छोट्या मुलीच्या चित्रावर बोट ठेवलं.

"म्हणजे इतकी वर्षं लपवत होता बिचारा."

"का लपवत असेल?"

"खलनायकच तो. दबदबा असतो."

"आणि तुम्ही?"

"माझाही असतो थोडा… या चार भिंतींत." मग हळूच म्हणाला, "माझी भाची डाव्या बाजूने हाक मारते. मी बघत नाही, तर तिला वाटतं, मामा रागावलाय. परवा ताईला विचारत होती, मी काय केलं गं?"

त्याच्या भुवईतला भुसा झटकावासा वाटत होता… हात मागे बांधून घेतले.

"बुधवारी या," मी म्हटलं. "पण माझ्याकडे नाही. तुमची फाइल मी आमच्या मोठ्या मॅडमकडे दिलीय."

त्याचा चेहरा पडला. "एवढा राग?"

"राग नाही हो. स्वतःच्या पेशंटबरोबर कॉफी प्यायला जाणं… आमच्यात बरं दिसत नाही."

त्याला उलगडायला जरा वेळ लागला. मग कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला – दोन्ही कानांच्या!

"बुधवारी मॅडमकडे येतो. नक्की," तो म्हणाला. "आणि कॉफी?"

"कॉफीला बुधवार कशाला हवा?"

त्याने एप्रन सोडून खुंटीला अडकवला.