वरचं बटण

"तीनदा भाजी गरम करायची, आणि जेवायचं कधी, तर दिवा म्हणेल तेव्हा."

उज्वला हे माझ्या पायांशी पुटपुटली. मी शिडीवर उभी होते आणि ती शिडी धरून होती. मला उद्देशून नव्हतं ते, शिडीला सांगत असावी. मी होल्डर घट्ट करत राहिले.

मखमलाबादचं हे घर फुलं पिकवणाऱ्यांचं. मागं दीड एकर झेंडू आणि शेवंती, पुढं स्लॅबचं दुमजली घर. खाली नवसाबाई, त्यांचा थोरला ज्ञानेश आणि त्याची बायको उज्वला. वर एकच खोली, धाकट्या महेशची. मधल्या जिन्याला खिडकी नाही, म्हणून तिथं दोन बटणांचा दिवा आहे. एक बटण खाली, एक वर खोलीच्या दाराबाहेर.

हे वायरिंग मी माझ्याच घराच्या जिन्यावर शिकले. नवरा गेल्यावर, दोन फ्यूज आणि एक भुवई जाळून. आता लोक तोंडावर साधनाताई म्हणतात आणि पाठीमागं वायरमनबाई. साधं बटण खाली दाबलं की दिवा लागतो, पण या जोडीचं तसं नसतं. दोन बटणांमध्ये दोन वायरी असतात. दोन्ही बटणं एकाच वायरीवर आली की दिवा लागतो, वेगळ्या वायरींवर गेली की विझतो. त्यामुळं खालून लावलेला दिवा वर जाऊन बंद करता येतो. आपल्या हातातलं बटण बघून मात्र काहीच कळत नाही. दुसऱ्या टोकाला कुणी काय केलंय, त्यावर सगळं.

या दिव्यावर घराची एक रीत बसली होती. दिवेलागणीला नवसाबाई खालचं बटण दाबायच्या. सगळ्यात शेवटी घरी येणाऱ्यानं वर जाऊन तो बंद करायचा. शेवटी येणारा कायम महेश, गोदाकाठच्या फूलबाजारातून सात वीसला. दिवा विझला की सगळे घरी आले, मग ताटं.

महेश फेब्रुवारीपासून सुरतेला होता. घरात असं म्हणायचे. मी डिसेंबरात गेले, तेव्हाही दिवा रोज सात वीसला विझत होता.

पहिल्या दिवशी मी बल्ब बदलला आणि होल्डर आवळला. दुसऱ्या दिवशी खालचं बटण नवीन बसवलं. संध्याकाळी ज्ञानेशचा फोन आला की विझलाच. मग मी वर गेले.

वर उज्वलानं कित्येक महिन्यांत झाडलेलं नव्हतं. खोलीला कुलूप, कुलपावर धूळ, बटणाच्या पट्टीवर धूळ. बटण तेवढं स्वच्छ. त्याच्या कडेला पिवळट केशरी डाग होता, झेंडू खुडणाऱ्यांच्या बोटांना असतो तसा. मी पट्टी उघडली. पितळी स्क्रू घट्ट, वायरी शाबूत, जळकट वास नाही. सगळं पुसून बंद केलं आणि बटण कुठल्या बाजूला दाबलेलं आहे ते भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवलं. खाली.

दुसऱ्या दिवशी ते वरच्या बाजूला दाबलेलं होतं. डाग पुन्हा होता, आणि ओलसर.

मी तर्कानं चालणारी बाई आहे. या घरात तिघं माणसं आणि तिघांचेही हात झेंडूचे, असं मी स्वतःला सांगितलं. पायऱ्यांवरच्या धुळीत मात्र एकाच माणसाची पावलं होती. माझी.

ज्ञानेशनं मला मागच्या गोठ्याशी नेलं. आवाज इतका खाली आणला की म्हशीनंही मान वळवली. त्याचं म्हणणं, वरचं बटण काढूनच टाका. आई रोज दिवा विझला की "आला" म्हणते आणि मगच जेवते. काल तर महेशसाठी मुलगी बघा म्हणाली. उद्या पाहुण्यांकडे शब्द टाकेल, आणि तिथून कुणीतरी बोलून जाईल.

काय बोलून जाईल, ते त्यानं सांगितलं नाही. मला माहीत होतं. अख्ख्या गल्लीला माहीत होतं. नांदगावला लग्नाची फुलं पोचवून परतताना चांदवडच्या घाटात महेशची गाडी ट्रकखाली गेली. त्याच आठवड्यात नवसाबाईंच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर म्हणाले, धक्का नको. मग सुरत निघाली. ज्ञानेशनं डोकं भादरलं असतं तर आईला कळलं असतं, म्हणून भावाचा दहावासुद्धा केला नाही. सगळा मुलूख दहाव्याला रामकुंडावर येतो, आणि यांना रिक्षानं वीस मिनिटं.

"धक्का बसला तर आई जाईल, ताई," तो म्हणाला. "एक गेलं ते गेलं."

मग तो म्हशीला चारा टाकायला लागला.

त्या दिवशी सहा वाजता मी मेन बंद करून वरचं बटण काढलं. त्याच्या जागच्या वायरी थेट जोडल्या, टेप गुंडाळली, वर कोरी पट्टी ठोकली. आता वर दाबायला काहीच उरलं नाही. काढलेलं बटण माझ्या कुडत्याच्या खिशात टाकलं. शिंपी हसला होता, बायकांच्या कुडत्याला एवढा मोठा खिसा कशाला म्हणून.

मेन चालू केला. नवसाबाईंनी खालचं बटण दाबलं आणि दिवा लागला. त्या पहिल्या पायरीजवळ पाटावर बसल्या, मांडीवर शेवंतीची टोपली घेऊन.

"काढलंस?" त्यांनी विचारलं.

"खराब झालं होतं, मावशी."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि देठ खुडत राहिल्या.

मी निघायला हवं होतं. सामानाची पिशवी दोनदा भरली, दोनदा उघडली. ज्ञानेश दारात मोबाइल बघत उभा होता, पण स्क्रीन काळी होती. आत उज्वला भाजी गरम करत होती.

सात वाजले. सात दहा.

टोपलीतली फुलं संपली. नवसाबाई रिकाम्या टोपलीत बोटं फिरवत राहिल्या.

बाहेरचं दार वाजलं नाही. पायऱ्या वाजल्या नाहीत. जिन्यात ओल्या झेंडूचा वास आला. त्या दिवशी फक्त शेवंती खुडली होती.

माझ्या खिशात, मांडीला लागून, बटण हललं.

खट्.

जिन्यातला दिवा विझला.

मी हात खिशावर ठेवला. काढताना बटण एका बाजूला होतं. आता दुसऱ्या बाजूला होतं, आणि त्याच्याशी एकही वायर जोडलेली नव्हती.

स्वयंपाकघरात उज्वलानं सवयीनं ताटं मांडली. एक, दोन, तीन. चौथं हातात धरून ती तशीच उभी राहिली.

ज्ञानेश घाईघाईनं म्हणाला, "लाईट गेली असेल." त्याच्या डोक्यावरची ट्यूब चालू होती.

नवसाबाईंनी टोपली बाजूला ठेवली. रोजच्यासारखं "आला" म्हणाल्या नाहीत.

"गव्हाच्या कोठीमागं पिशवी हाय," त्या म्हणाल्या. "पोलिसांनी दिलेली. त्याच्या चपला हायेत तिच्यात. मला होळीच्या आधीच घावली."

ज्ञानेश खाली बसला.

"तुम्ही माझ्यासाठी गप, मी तुमच्यासाठी गप. दहावा नाय, पिंड नाय, रडणं नाय. ते पोर रोज कामावरून घरी येतंय. त्याला कुणी सांगितलंच नाय."

मी कोपर धरून त्यांना उठवायला गेले. त्यांनी कठड्याला धरून अंधाऱ्या जिन्यात वर पाहिलं, आणि जेवायला हाक मारतात त्याच आवाजात म्हणाल्या,

"म्हेशा, तू मेलायस रे बाळा."