झेंडूच्या माळेमागचा लाल दिवा

काशीतल्या ब्रह्मा घाटाच्या गल्लीत माघातलं धुकं ठाण मांडून बसलं होतं. स्वरदाला मात्र बसायची सवड नव्हती. लगनसराई तोंडावर, विणकरांचे फोन थांबत नव्हते, आणि ऑफिसातल्या एकाही संगणकावर साडीची एकही नक्षी उघडत नव्हती. खाली बाबांच्या विद्यार्थ्यांची वेदांची संथा चाललेली, वर हिच्या डोक्यात घण.

मावशीचा फोन कानाला लावून ती दारात आली, तर समोर खांद्यावर बॅग अडकवलेला, चार रात्रींची झोप बाकी असलेला एक तरुण उभा.

"आला गं, मिस्त्री आला एकदाचा," ती बिनधास्त बोलली. इथे मराठी कळतंय कुणाला! "पण तोंड बघून वाटतं, आधी यालाच दुरुस्तीला टाकावं लागेल."

"टाका की," तो बूट काढत म्हणाला. "फक्त वॉरंटी संपलीय, तेवढं बघा."

फोन हातातून पडता पडता राहिला. "तुम्ही... मराठी?"

"नाशिकचा. केयूर. चौकापासून चालत आलोय. तुमच्या गल्लीत गाडी येत नाही आणि गाय हटत नाही. आधी पाणी मिळेल का?"

पाणी देताना तिचे कान लाल झाले होते. त्याने ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं. माणूस बरा दिसत होता.

काळा डबा कोपऱ्यातल्या फळीवर होता. नॅस म्हणतात त्याला. ऑफिसचे सगळे संगणक आपापलं काम त्याच्यातच ठेवायचे. आत दोन डिस्क. एकीवर जे उतरतं तेच दुसरीवरही, म्हणजे एक गेली तरी काम अडत नाही. खंडेनवमीला बाबांनी इतर हत्यारांबरोबर त्याचीही पूजा केली होती. झेंडूची माळ अजून तशीच होती, वाळून काळपट पडलेली. पूजेची माळ पुढच्या दसऱ्यापर्यंत काढायची नाही, ही या घरातली जुनी शिस्त.

केयूरने एका बोटाने माळ उचलली. मागे लाल दिवा लागलेला होता.

"हा कधीपासून?"

"कोणता? मला तर... दिसलाच नाही कधी."

"वाजलंही असेल. मोठ्याने वाजतं हे."

स्वरदाचा चेहरा उतरला. "वाजलं होतं. दिवाळीच्या सुमाराला. बाबांच्या संथेत दिक्कत होत होती, म्हणून मी... बटण दाबून गप्प केलं."

"म्हणजे एक डिस्क तेव्हाच गेली. तेव्हापासून दुसरी एकटीच ओढतेय. आता तिलाही धाप लागलीय."

स्वरदा खुर्चीत बसली. त्या डब्यात दहा वर्षांची कमाई होती. त्यात अलईपुऱ्याच्या म्हाताऱ्या नक्षीकार उस्तादांनी काढलेल्या वेली होत्या, शिकारगाह म्हणजे शिकारीच्या नक्षीतली हरणं होती. उस्तादांचा हात आता कापतो. त्या वेली पुन्हा उमटणार नव्हत्या. दादा बंगळुरूला गेल्यापासून हे ऑफिस तिने एकटीने रेटलं होतं, आणि आता आपल्याच हाताने बुडवलं असं तिला वाटलं. डोळे भरून आले.

"तिच्यावर रागवू नका," केयूर हळूच म्हणाला. तो डब्याकडेच बघत होता. "फार गुणी आहे. मदतीला कुणी आहे का, हे न विचारता करत राहिली."

आपल्याला असं कुणी म्हटल्याला किती दिवस झाले, स्वरदाला आठवेना.

"आधी हिच्यावरचं सगळं दुसरीकडे उतरवतो. सावकाश. तोवर कुणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा."

"मग मी काय करू?"

"काहीच नाही... जमेल?"

जमेल कसं? पण खुर्चीत डोकं टेकलं मात्र, आणि महिन्यांची झोप तिच्यावर चालून आली.

जाग आली ती केयूरच्या आवाजाने. तिचा फोन त्याच्या कानाला होता आणि तो मोडक्यातोडक्या बनारसीत कुणा विणकराला सांगत होता, "ना चच्चा, मैडम अभी पूजा में बैठल हईं।"

"मी पूजेत?"

"झोपल्यात म्हटलं असतं तर उठवा म्हणाले असते. काशीत पूजेतून कुणी उठवत नाही."

ती हसली. इतकं मोकळं, की खालची संथा क्षणभर थांबली. मग एकदम गंभीर होऊन तिने विचारलं, "निघालं सगळं?"

"सगळं. हरणंसुद्धा मोजून घ्या."

त्यानंतर तो नवी डिस्क बसवायला आला. मग एक प्रत घराबाहेर हवी म्हणून दुर्गाघाटावर मावशीकडे दुसरा डबा ठेवायला आला. मग उगाचच एकदा आला आणि वायर ओढून बघितल्यासारखं केलं. कंपनीच्या कामासाठी जौनपूर, मऊ, गाझीपूर अशी गावं करून तो इतका दमलेला असायचा, की चहाचा कप हातात घेऊन नुसता बसायचा. तीही बसायची. बोलावं लागत नव्हतं, याचंच दोघांना सुख होतं.

फाल्गुन लागला. एका दुपारी त्याने शेवटचं काम काढलं.

"आता डब्याला काही झालं तर मोबाइलवर संदेश येईल. माळ असो, संथा असो." तो स्क्रीनकडे बघत म्हणाला. "म्हणजे मला यायची गरज नाही. आणि... नाशिकला बदली मिळतेय. संध्याकाळी कळवायचंय. दमलोय हो आता."

स्वरदाच्या लक्षात आलं. या माणसाने मन लावून स्वतःच्या येण्याचं एकेक कारण मिटवलं होतं. लबाडी करता आली असती; त्याने केली नाही. आणि म्हणूनच तो तिला हवा होता.

"संदेश दोघांना जातो," तो म्हणाला. "दुसरा नंबर कुणाचा? बाबांचा?"

"बाबा फोन उलटा धरतात." तिने कीबोर्ड ओढला आणि एक नंबर टाइप केला.

केयूरने वाचला. "हा माझा आहे. कंपनीचा नाही, माझा स्वतःचा."

"माहितीय."

"मी नाशिकला, लाल दिवा इथे. उपयोग काय?"

"काहीच नाही. म्हणून तर..." दिवाळीत तिने एक बटण दाबून डब्याला गप्प केलं होतं. आज स्वतःला गप्प करायचं नव्हतं. "जाऊ नकोस, केयूर. तूही दमलायस, मीही दमलेय. मला एकटीने नको आता. तू हवास."

खिशातून फोन काढून त्याने साहेबांना लावला. "सर, नाशिकचं राहू द्या... नाही सर, तब्येत ठीक आहे. इथेच बरं वाटतंय."

फोन ठेवून त्याने चाचणीचं बटण दाबलं. दोघांचे मोबाइल एकदमच वाजले.

"अगं स्वरदा, काय वाजतंय?" बाबांनी खालून हाक दिली. "बंद कर, संथा चालू आहे!"

"नाही बाबा," ती जिन्यातून ओरडली. "आता बंद नाही करायचं. आणि जेवणाची पानं वाढताना एक जास्त वाढा!"