टेकडीवरची बोडकी चारोळी

"चंपे, हात लावू नको. नुसतं बघ," म्हणत सोमाने तिला वाफ्यांपाशी ओढले.

१९९१च्या उन्हाळी सुटीत चंपा निजामपुऱ्याहून पडघ्याला, दामूमामाकडे आली होती. सोमा हा मामाचा मुलगा. दोघांचा मुक्काम बहुधा केसरीनाथकाकांच्या रोपवाटिकेतच असे. काका संशोधक होते. रानातल्या असंख्य चारोळ्यांतून त्यांनी पाच उत्तम झाडे निवडली होती आणि प्रत्येकाचे बी वेगळ्या वाफ्यात पेरले होते. सर्वांत सरस ठरेल त्या झाडाची रोपे शेतकऱ्यांना द्यायची होती. टेकडीवरच्या पाचव्या झाडाचा दाणा टपोरा, म्हणून काकांची सारी आशा त्याच्यावर.

चंपा पाहतच राहिली. पाचही वाफे एकाच वेळी, सारखेच विरळ उगवले होते. झाड बदलले की उगवणही बदलते, हे काकांनीच तिला दाखवले होते.

"पाच आयांची पोरं एका तोंडवळ्याची असत्यात व्हय?" सोमा पुटपुटला.

पाचवे झाड बघायला दोघे टेकडी चढून गेले आणि जागीच थिजले. खोडावर रंगवलेला पाचाचा आकडा होता, पण झाडाला एकही फांदी नव्हती. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला, म्हणजे राबासाठी, कुणीतरी ते पार बोडके केले होते. सोमाचा चेहरा उतरला. हिवाळ्यात याच फांद्यांचे भारे त्याने बाबांबरोबर वाहिले होते. कुणाला सांगू नकोस, अशी त्याने गयावया केली. हिवाळ्यापासून फांद्याच नव्हत्या, तर पाचव्या वाफ्यातले बी या झाडाचे नव्हतेच, हे चंपाने ओळखले. गप्प राहिले, तर शेतकरी वर्षानुवर्षे भलतेच झाड जोपासतील, हे तिने त्याला समजावले.

दोघे रोपवाटिकेत परतले, तेव्हा काकांसाठी बी गोळा करणारा महादू त्यांच्यासमोर बसला होता. चंपाने सहज विचारले, "महादूदादा, टेकडीवरच्या झाडाला यंदा फळ कसं होतं?"

"लई! फांद्या वाकल्या व्हत्या."

"कुठल्या फांद्या?"

महादूने मान खाली घालून सारे कबूल केले. झाड बोडके दिसताच त्याने रान तुडवणे सोडले होते आणि वडपे गावच्या रस्त्याकडेच्या एकाच झाडाचे बी पाचही पिशव्यांत भरले होते. तेवढ्यात सोमा पुढे आला. "फांद्या आमी तोडल्या, काका."

दामूमामाला बोलावणे गेले. तो गोंधळून म्हणाला, "आकडा टाकलेलं झाड जंगलखातं तोडतंच की. म्हटलं, जाणारच हाय, तर फांद्या तरी राबाला घेऊ."

आकडा घालताना गावाला सांगायचे काकांना सुचलेच नव्हते. मग सगळे टेकडीवर गेले. खोडाला कोवळे फुटवे आले होते. ते जून झाले की कलमे बांधता येतील, असे काका म्हणाले, तेव्हा कुठे सोमाने श्वास सोडला.

"वाफे सारखे उगवले म्हणून मी खूश होतो," काकांनी दोघांच्या खांद्यांवर हात ठेवले. "शंका तुम्हाला आली. आणि सोमा, खरं बोलायला तुला फार जड गेलं असेल."

मामा तोवर करवंदीच्या जाळ्या तोडून झाडाभोवती रचू लागला होता. सोमा धावत त्याच्या मदतीला गेला. काट्यांनी हात ओरबाडले, तरी कुंपण पुरे होईपर्यंत तो हटला नाही.