अनुमोदन कोण देणार?

सीनियॉरिटीची नवी यादी क्रू-रूमबाहेरच्या फळ्यावर लागली होती आणि मी वरून खाली माझं नाव शोधत होते.

"खालून बघा, लवकर सापडेल," मागून कुणीतरी म्हणालं.

वळून पाहिलं. ताडमाड उंच, सैल टाय, केसांवर पावसाचे थेंब... आणि डोळ्यांत हसू! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"तुमचं कुठे आहे?"

"तुमच्यापेक्षा साठ जागा वर."

"नोकरीला किती वर्षं झाली?"

"पाच."

"मला नऊ! म्हणजे आयत्या बिळावर नागोबाच की तुम्ही."

चिडेल असं वाटलं होतं. तो मोठ्यानं हसला. "नागोबाला कॉफी चालते. तुम्हाला?"

चालली. काय करणार!

झालं होतं असं, की आमची छोटी विमान कंपनी त्यांच्या मोठ्या कंपनीत विलीन झाली आणि आम्हा नव्वद पायलटांना यादीत सगळ्यांच्या खाली टाकलं गेलं. आमची जुनी नोकरी जणू पाण्यात! आमच्याकडे यादीवरच सगळं ठरतं. सुट्टी आधी कुणाला, पहाटेचं विमान कुणाच्या गळ्यात आणि को-पायलटचा कॅप्टन आधी कोण होणार, तेसुद्धा. युनियनच्या कमिटीत नऊ जागा. आठ त्यांच्या, एक आमची. त्या एका जागेवर मी. बळी तो कान पिळी, दुसरं काय!

त्या आठांतला सगळ्यात तरुण म्हणजे हा लंबू.

मी ठराव मांडला : यादी रुजू झाल्याच्या तारखेनुसार करा. पण नियम असा, की ठरावाला कमिटीतल्या दुसऱ्या कुणाचं तरी अनुमोदन हवं. नाहीतर चर्चासुद्धा नाही. अध्यक्षांनी विचारलं, "अनुमोदन कोण देणार?" सगळे टेबलाकडे बघत बसले. लंबूही.

एव्हाना आम्ही अहो-जाहो सोडून अरे-तुरेवर आलो होतो. दोघांची विमानं एका वेळी उतरली, की तो माझ्यासाठी खिडकीजवळची खुर्ची अडवून बसायचा. बाहेर ओली धावपट्टी, आत त्याच्या थापा... मला तो आवडायला लागला होता. खूपच.

दुसऱ्यांदाही ठराव पडला, तेव्हा मी जिन्यात त्याला गाठलं. "हात का नाही वर केलास?"

"केला तर साठ जणांच्या खाली जाईन," तो हळूच म्हणाला. "कॅप्टन व्हायला आणखी तीन वर्षं. आई रोज फोनवर विचारते गं, कधी होणार म्हणून."

निदान खरं बोलला. मी पुन्हा विचारलं नाही.

आणि दुसऱ्या दिवसापासून—तो बोलेचना! समोरून आला की वाट बदलायचा. खिडकीजवळच्या खुर्चीत भलतेच लोक बसायला लागले. महिनाभर एक शब्द नाही. माझा ठराव नको होता, ठीक आहे, मीही नको? एकदा तर गणवेशातच रडले.

तिसरी बैठक. पुढच्या आठवड्यात कॅप्टनच्या जागा भरणार होत्या, म्हणजे ही शेवटचीच संधी.

"अनुमोदन कोण देणार?... नसेल कुणाचं, तर—"

"माझं," लंबू म्हणाला.

सचिव ताडकन उठले. "या दोघांचं काहीतरी आहे! नियम अकरा, ठराव मांडणारा आणि अनुमोदक नात्यातले नकोत!"

"नातं नाही," तो शांतपणे म्हणाला. "महिनाभर आम्ही बोललेलोही नाही."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं का, बाई?"

"खरं," मी म्हणाले.

चर्चा झाली. मी नव्वद जणांची नेमणूकपत्रं टेबलावर मांडली. यादीत अगदी वर असलेल्या, कमिटीतल्या म्हाताऱ्या कॅप्टनांच्या जागेला धक्का लागणार नव्हताच. त्यांतल्या तिघांनी पत्रं वाचली, माना डोलावल्या आणि हात वर केले. पाच विरुद्ध चार. ठराव पास!

बाहेर व्हरांड्यात तो थांबला होता.

"महिनाभर?" माझा आवाज चढलाच.

"जिन्यात भेटलीस, त्याच रात्री ठरवलं, हात वर करायचा. मग नियम अकरा वाचला. तुझ्याशी बोललो असतो, तर... विचारून बसलो असतो."

"काय?"

"लग्नाचं. आणि तू हो म्हणाली असतीस, तर अनुमोदन बाद."

"हो म्हणाली असते, हे कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही..." त्याचे कान लाल झाले. "आता सांगशील?"

साठ जणांच्या खाली गेलेला हा माणूस!

"पश्चात्ताप नाही होणार?"

त्यानं खरंच विचार केला. "पहाटेच्या विमानासाठी तीनला उठताना... होईल. थोडा."

"अजिबात नाही" असं म्हणाला असता, तर मी सरळ लिफ्टकडे गेले असते. मी त्याचा हात धरला.

"मी उठवीन तुला," मी म्हणाले. "माझी सुट्टी असली तरी."