बुधवारचा पिंजरा

टिंग!

दुपारच्या शांततेत चमचा वाजला. माझी लेक भिंगरी नुकतीच झोपली होती. तिची झोप मोडू नये म्हणून मी शिवणयंत्रही थांबवलं होतं. आणि मांजर धरायला परसात लावलेल्या टोपलीला बांधलेला तो चमचा... वाजला! म्हणजे मांजर सापडलं. तोंडात धरलेल्या टाचण्यांसकट मी मागच्या दाराकडे धावले.

टोपलीखाली मांजर नव्हतं. बूट होता. बुटात पाय होता, आणि पायाच्या वर, बऱ्याच वर, एक गोंधळलेला चेहरा.

“ताई,” तो म्हणाला, “मी चोर नाही.”

मला बोलता येईना. टाचण्या!

“जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर आहे मी. शेजारच्या आत्यांच्या गाईचे टाके काढायला आलो होतो. त्या म्हणाल्या, परसातून जा, जवळ पडेल. जवळ पडलं खरं... तुमच्या टोपलीत.”

मी टाचण्या काढून पदराला टोचल्या आणि आधी हसून घेतलं. मग सांगितलं.

माझ्या परसात अकरा मांजरं होती. कुणाचीच नाहीत, म्हणून माझी. तांदळाच्या कण्या आणि मासळीची डोकी एकत्र शिजवून घालायचे. डोकी मासळीवाली द्यायची, मी तिचे एप्रन शिवून द्यायचे. त्यापलीकडचा खर्च माझ्या घराला सोसणारा नव्हता. आदल्या वर्षी एकोणीस पिल्लं झाली आणि दोन जगली. उरलेल्यांसाठी मी भिंतीपाशी खड्डा खणला. भिंगरीने प्रत्येकावर कापडाचा एकेक तुकडा पांघरला, रंग निवडून. तो खड्डा पुन्हा खणायचा नाही, एवढंच मी ठरवलं होतं.

“पिल्लं न होण्याचं ऑपरेशन तुमच्याकडे फुकट होतं ना?”

“होतं. पण टोपलीतलं मांजर तिथवर आणणार कसं?”

“पिशवीत घालून. बसने.”

“आणि बसमधली माणसं?”

त्यांचा विचार मी केला नव्हता. तो इतका मोकळा हसला की आत्यांची गायसुद्धा वळून बघायला लागली.

“आमच्याकडे एक पिंजरा आहे. बुधवारी संध्याकाळी आणून लावतो. गुरुवारी ऑपरेशन, शुक्रवारी मांजर परत. फक्त बुधवारी त्यांना उपाशी ठेवायचं. पोट भरलेलं मांजर पिंजऱ्याकडे ढुंकून बघत नाही.”

पहिल्याच बुधवारी एक भुरी मांजरी अडकली आणि पिंजरा डोक्यावर घेऊन थयथयाट करायला लागली. मी गणवेशाच्या उरल्यासुरल्या निळ्या कापडाची एक खोळ शिवून ठेवली होती. ती चढवली, आत अंधार झाला, तशी ती गप्प बसली.

“हे मला सुचलं नव्हतं,” तो म्हणाला. खोळीच्या शिवणीवरून त्याने बोट फिरवलं. उगाचच.

तो पिंजरा उचलणार, तोच भिंगरी दारात आडवी उभी राहिली. “परत आणणार ना?”

तिच्या बाबांना दवाखान्यात नेलं तेव्हा ती अडीच वर्षांची होती. उद्या परत आणू, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. तेव्हापासून घरातून काहीही बाहेर निघालं, अगदी शिवलेले कपडे जरी, की तिचा तोच प्रश्न.

त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तरी त्याने पिंजरा खाली ठेवला, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, “शुक्रवारी. चार वाजता.”

शुक्रवारी चारला सायकलची घंटा वाजली. भुरी बाहेर पडली, तिच्या डाव्या कानाचं टोक कापलेलं. “ही खूण,” त्याने भिंगरीला समजावलं. “म्हणजे हिला पुन्हा कुणी धरायचं नाही.” आणि माझ्या हातात ती खोळ दिली, धुतलेली, चौघडी घातलेली. कापडाला उन्हाचा वास येत होता.

असे दहा आठवडे, दहा मांजरं. एका शुक्रवारी चार वाजून गेले. मी शर्टाच्या बाहीला कॉलर जोडून बसले. चार दहाला तो आला, सायकल हातात धरून, घामाने निथळत. चाक पंक्चर झालं होतं. माझ्याकडे बघितलंही नाही, आधी भिंगरीपुढे वाकला. “दहा मिनिटं उशीर झाला. चुकलं माझं.”

बाहीची कॉलर उसवताना माझ्या ध्यानात आलं, की मी मघापासून एकटीच हसतेय.

“आजकाल तो तुला ताई म्हणत नाही गं,” आत्या कुंपणावरून म्हणाल्या.

“हो? लक्षात नाही आलं बाई.”

“मग सुईच्या टोकात दोरा का ओवतेस?”

उरली एकटी अकरावी मांजरी, हेडबाई. करडी, धिप्पाड, समोरच्याकडे चष्म्यावरून बघितल्यासारखं बघणारी. ती एकदा गेली की काम संपलं. पिंजरा यायचा नाही. आणि पिंजऱ्याबरोबर...

त्या बुधवारी दुपारी मी धुण्याच्या दगडामागे एक ताटली ठेवली. कण्या, वर माशाचं अख्खं डोकं. हेडबाईंनी सावकाश जेवण केलं, मिशा साफ केल्या, आणि संध्याकाळी पिंजऱ्यासमोरून मान ताठ ठेवून निघून गेल्या.

“हुशार आहे,” तो म्हणाला.

“फार,” मी म्हणाले आणि खोळीची घडी घालत राहिले.

“पुढच्या बुधवारी बघू मग.”

“बघू.”

फक्त एक बुधवार, असं मनाशी म्हणत म्हणत आठ बुधवार गेले. हेडबाईचं पोट सुटलं. माझ्या मासळीनेच सुटलं असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग तीन दिवस ती दिसलीच नाही.

चौथ्या दिवशी, बुधवारीच, चिंध्यांच्या टोपलीत ती सापडली. तीच टोपली, जी त्याच्या पायावर पडली होती. आत हेडबाई, आणि तिच्या पोटाशी तीन पिल्लं. डोळे मिटलेले, बोटाएवढ्या शेपट्या. भिंगरी आनंदाने नाचायला लागली. मी मात्र स्टुलावर बसूनच राहिले. भिंतीपाशी अजून ती माती उंच दिसते. एका माणसाने यावं म्हणून मी हे केलं होतं.

संध्याकाळी तो पिंजरा घेऊन आला. मी टोपली दाखवली. तो वाकून बघत राहिला, आणि मी त्याच्या पाठीशी बोलले. तोंडावर बोलायची हिंमत नव्हती.

“हेडबाई हुशार नाही. मी तिला खायला घालत होते. दर बुधवारी... दगडामागे.”

तो वळला नाही. “माहीत आहे.”

“काय?”

“दुसऱ्याच बुधवारी हात धुवायला गेलो, तर ताटली तिथेच. माशाच्या डोक्याचे काटे पण होते.”

“मग बोलला का नाहीत?”

आता तो वळला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता. “बोललो असतो तर तुम्ही घालायचं थांबवलं असतं.”

शेजारी गाईची घंटा किणकिणली. मी बोटावरचं अंगुस्तान काढलं, पुन्हा घातलं.

“पण हे तीन जीव...” मी पदराने डोळे पुसले.

“आपल्यामुळे आले,” तो म्हणाला. हसला नाही. “तेव्हा जगवायचे पण आपणच. दवाखान्यापलीकडे तांदळाची गिरणी आहे, कण्या मी आणत जाईन. एकाला आत्या घेतील, गाय कबूल झाली तर.”

मला रडता रडता हसू आलं. तो ‘आपण’ इतक्या सहज म्हणाला होता...

“दोन महिने हिला हात लावायचा नाही. पिल्लं पितायत,” तो म्हणाला.

“म्हणजे दोन महिने पिंजरा लागणार नाही.”

“नाही लागणार.”

त्याने पिंजरा उचलला. ठेवला. कडी उघडली, लावली. “पुढच्या बुधवारी... पिंजऱ्याशिवाय आलो, तर चालेल?”

मी मान हलवली. नुसती हलली, की मी हलवली, कोण जाणे. पण त्याला दिसली.

पिल्लांपाशी पालथी पडलेली भिंगरी उठून बसली. तिने त्याच्या हातातल्या रिकाम्या पिंजऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग कितीतरी वेळ माझ्याकडे. जवळ आली आणि माझं बोट घट्ट धरलं, अंगुस्तानासकट.

“आई, पिंजरा नसेल, तर काका कुणाला न्यायला येणार? ...आणि परत आणणार ना?”