मामा उठला नाही

"अहो, थांबा. त्या मुलीच्या मागे काय लागलाय तुम्ही?"

भर रस्त्यात एका अनोळखी माणसानं माझी वाट अडवली. मी ओठांवर बोट ठेवलं. तो आणखीच भडकला.

"चौकापासून बघतोय. ती थांबली की तुम्ही थांबता, ती चालली की तुम्ही चालता. पोलिसांना बोलावू?"

"बोलवा," मी कुजबुजले, "पण हळू आवाजात. मी तिची शाळेतली ताई. ती एकटी चालायला शिकतेय… आणि मी इथे नाहीये."

त्यानं पुढे पाहिलं. पांढरी काठी डावीउजवीकडे टकटकवत आमची भिंगरी वळणापाशी पोचली होती.

"मी तिचा मामा," तो म्हणाला, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

भिंगरी दहा वर्षांची, आमच्या निवासी शाळेत नुकतीच आलेली. जन्मापासून दिसत नाही. आईबाप गेल्यावर मामानंच वाढवली. तो घड्याळजी, डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारा. आमच्या शाळेत गणित-भाषा शिकवणारे वेगळे. मी शिकवते बटण लावणं, भाजी चिरणं, रस्ता ओलांडणं.

आणि त्या दिवसापासून हा मामा दर रविवारी शाळेत येऊन आठवड्याचं शिकवलेलं पाण्यात घालायचा. संत्रं सोलून भरवायचा. वाकून तिच्या बुटांची नाडी बांधायचा.

"तिला हात आहेत," मी म्हणाले.

"आहेत ना. पण मीही आहे."

"किती वर्षं?"

तो म्हणाला, "परीक्षा झाली की घरीच नेतो तिला. राणीसारखी राहील."

"राणीला नाडी बांधता येईल?"

"तुम्ही नेहमी असंच टोचून बोलता?"

"नाही. रविवारी जरा जास्त."

तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालावर खळी पडते. नुसती नोंद केली हो… निरीक्षण हा माझ्या कामाचाच भाग आहे.

तोडगा भिंगरीनंच काढला. चौथ्या रविवारी म्हणाली, "मामा, मी शाळेतून तुझ्या दुकानात एकटी आले, तर राहू देशील मला इथे?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे.

"ये," तो म्हणाला. "पण मी फक्त कोपऱ्यापर्यंत—"

"तू स्टुलावरून उठायचं नाहीस. हाक मारायची नाही. खोकायचंसुद्धा नाही."

शनिवारी सकाळी ती निघाली. मी मागे, श्वास धरून. बोळाचं तोंड आलं की काठीचा आवाज पोकळ होतो, तशी ती सावरली. बेकरीची ऊब उजव्या गालावर घेतली आणि वळली. मोठ्या रस्त्यावर मान किंचित कलती करून उभी राहिली. एक ट्रक गेला, दोन स्कूटर गेल्या. मग त्या सगळ्या गोंगाटात तिला कुठेतरी शांततेची एक फट ऐकू आली. मला नाही आली. तिनं पाऊल टाकलं, आणि रस्ता खरंच रिकामा होता. पंधरा वर्षं हे बघतेय. अजून अंगावर काटा येतो. माझे दोन्ही डोळे शाबूत, आणि रस्ता कळतो तिला.

घड्याळाचं दुकान आलं… आणि ती थेट पुढे निघून गेली.

आत मामा स्टुलाच्या कडा घट्ट धरून बसलेला. चेहरा पांढराफटक, तोंड उघडं, आवाज नाही. भिंतीवर चाळीसएक घड्याळं, आणि टिकटिक एकाचीही नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या शहाण्यानं सगळी घड्याळं बंद करून ठेवली होती.

त्याची-माझी नजरानजर झाली. एकदा नुसतं खाकरला असता तरी ती वळली असती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तो खाकरला नाही. इतकी ताकद लावून काहीच न करणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता.

चार दुकानं पुढे भिंगरी थांबली. वास घेतला. "हे तर चपलांचं दुकान," स्वतःशीच पुटपुटली. मागे फिरली, एकेक पायरी काठीनं चाचपत आली, आणि यंत्राच्या तेलाचा वास आला तिथे उभी राहिली.

"मामा? घड्याळं का बंद?"

"तुझी काठी लांबून ऐकू यावी म्हणून… मीच केली गं."

"अरे, त्यांच्या आवाजावरच तर मी येणार होते." मग जरा थांबून, "मी पुढे गेलेली दिसले तुला?"

"दिसलीस."

"हाक नाही मारलीस?"

"नाही."

तिनं हातानं त्याचा चेहरा शोधला. ओला लागला. "शहाणा माझा," ती म्हणाली, आणि आत जाऊन एकेक लंबक चाचपत घड्याळं चालू करायला लागली.

तो दारापाशी माझ्याजवळ आला. "राहू दे तिला शाळेत. हवी तितकी वर्षं." मग अडखळला. "रविवारी मी येईनच… तिच्यासाठी. पण समजा… एखाद्या बुधवारी आलो, तर—"

"बुधवारी मुलांना भेटता येत नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला.

हात केव्हा पुढे करायचा नाही, हे मी जन्मभर शिकवत आले. केव्हा करायचा, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. तरी केला. तेलानं माखलेल्या त्याच्या बोटांनी तो धरला — अगदी केसाएवढी स्प्रिंग धरावी, तसा.

आतून आवाज आला, "झालं का बोलून? चार रविवार मी वाट बघतेय."